कागदावाचून छायाचित्र

छायाचित्र म्हटले की हातात धरता येणारा कागद डोळ्यांसमोर येतो. फिल्मवर उमटणारी प्रतिमा उलटी असे; काळ्याच्या जागी पांढरे व पांढऱ्याच्या जागी काळे. ती कागदावर उतरली म्हणजेच सामान्य माणसाच्या दृष्टीने छायाचित्र पूर्ण होई. त्यामुळे जे कधी छापलेच जात नाही, अशा डिजिटल छायाचित्राला मोल ते काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. तिचे उत्तर शोधण्यापूर्वी असे छायाचित्र तयार कसे होते, हे पाहिले पाहिजे.

कॅमेऱ्याच्या भिंगातून आलेला प्रकाश संवेदकाच्या लक्षावधी सूक्ष्म घरांवर पडतो. प्रत्येक घरात प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो. तो मोजून त्याचे संख्येत रूपांतर केले जाते. म्हणजे मूळ छायाचित्र हे संख्यांचे एक कोष्टक असते. कागद काय किंवा पडदा काय, दोन्ही ते कोष्टक डोळ्यांना दाखविण्याची साधने होत.

संख्यांच्या रूपातील चित्राचे सामर्थ्य अंतराळ संशोधनात लवकर प्रत्ययास आले. १९६५ च्या जुलै महिन्यात ‘मरिनर ४’ हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेले. त्याच्या एका चित्रात २०० ओळी व प्रत्येक ओळीत २०० बिंदू होते. म्हणजे एकूण ४०,००० बिंदू. प्रत्येक बिंदूची उजळता सहा द्विमान अंकांनी दर्शविली जाई. असे २,४०,००० अंक सेकंदाला सुमारे ८.३३ या वेगाने पृथ्वीवर येण्यास आठ तास लागत. संगणकाने चित्र सिद्ध करीपर्यंत तेथील अभियंत्यांना धीर धरवला नाही. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून त्या रंगीत खडूंनी भरल्या व मंगळाचे दर्शन घेतले. कोट्यवधी किलोमीटर प्रवास केला तो कागदाने नव्हे, आकड्यांनी.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात केवळ १०,००० बिंदूंचे चित्र येई आणि ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. ते पाहावयाचे ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. म्हणजे छपाईवाचून चित्र पाहणे ही या तंत्राची आरंभापासूनचीच रीत आहे.

आता संख्यांचा खरा लाभ पाहू. छापलेल्या दोन चित्रांची बेरीज करता येत नाही; संख्यांची करता येते. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षी तारकासमूहातील आकाशाचा एक चिमुकला भाग दहा दिवस न्याहाळला. ३४२ वेळा घेतलेल्या चित्रांची बेरीज केली, तेव्हा रिकाम्या भासणाऱ्या त्या जागी सुमारे ३,००० दीर्घिका दिसून आल्या. एकेकट्या चित्रात न दिसणारे पुष्कळ काही या बेरजेतून प्रकट झाले. त्याचप्रमाणे एकाच प्रदेशाच्या दोन उपग्रहचित्रांची वजाबाकी केली, तर पुराचे पाणी कोठे पसरले अथवा जंगल कोठे तुटले हे कळते.

घरगुती छायाचित्रांनाही हा न्याय लागू पडतो. पावसाळ्याच्या दमट हवेत कागदी चित्रांवर बुरशी चढते, रंग फिके होतात. कागदी चित्राची प्रत, तिची पुन्हा प्रत, असे करीत गेल्यास बारकावे नाहीसे होत जातात. संख्यांची प्रत मात्र मूळाइतकीच अचूक असते. एक चित्र दहा घरी पोहोचले तरी त्यात उणेपणा येत नाही.

परंतु याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ट्रंकेत पडून राहिलेला कागद पन्नास वर्षांनी नातवाच्या हाती लागला, तर तो यंत्रावाचून पाहू शकतो. बिघडलेल्या डिस्कमधील चित्र मात्र पुसट होत नाही. ते एकदम नाहीसे होते. शिवाय हजारो चित्रांच्या ढिगात आजीचे एकुलते एक चित्र हरवले, तर ते असून नसल्यासारखेच.

तेव्हा न छापलेल्या चित्राचे मोल टिकविणे पाहणाऱ्याच्या हाती आहे. निवड करावी. चित्रातील व्यक्ती, स्थळ व दिनांक यांची नोंद करावी. निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि जुने साधन निकामी होण्यापूर्वीच त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. कागद आपोआप जी जबाबदारी पार पाडीत असे, ती आता आपण जाणीवपूर्वक उचलली पाहिजे.