सातबाऱ्यात न लिहिलेलं

वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, तुझं नाव चढलं. बरं झालं. आता तो उतारा नीट बघ. गट नंबर, हेक्टर-आर, आकार, पिकाचा रकाना, सगळं आहे. पण पाणंदीचं कुठलं, लोण्याची पट्टी कुठली, खडकाचं कुठून सुरू होतं, यातलं काही त्यात सापडायचं नाही. मंगळवेढ्याचं रान लांबून सगळं काळंच दिसतं; आपल्या एका गटात मात्र तीन तऱ्हेची माती आहे, म्हणून आजोबांनी पट्ट्यांना नावं दिली. ती आधी पाठ कर. खडकाचं लवकर वाळतं, तिथून पेरणी धरायची. लोण्याच्या पट्टीत पाऊस उघडल्या उघडल्या औत घालायचं नाही. घातलंस तर अशी ढेकळं निघतात, की वर्षभर त्यांच्याशी भांडत बसशील.

तुझ्यासारख्या पुण्यात राहिलेल्याला पावसाळ्यात रान मोकळं बघवत नाही. सोयाबीन टाकू, मूग टाकू, असं वाटायला लागतं. टाक हवं तर, पण मग मालदांडी ज्वारीची आशा सोड. आपली ज्वारी पावसावर येत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. मृगापासून रान पाणी पितं. आपण फक्त तण दिसलं की कुळवाची पाळी द्यायची. पेरणी उत्तरा-हस्तात. सरकारी भाषेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर.

वाफसा कसा ओळखायचा, तर मुठीत माती दाबून गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. फुटला तर पेर. पडून चपटा झाला तर घरी जा. एकरी चार किलो बी पुरतं, दोन ओळींत दीड फूट. पेरायच्या आधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळ, म्हणजे काणी येत नाही. लहानपणी चाड्यावर मी असायचे. वडील औत हाकताना मागं न बघता ओरडायचे, "मूठ अडली!" त्यांना ते कसं कळायचं, याचं मला फार नवल वाटे. पुढं मलाही कळायला लागलं. नळीतून बी उतरत असतं तेव्हा बारीक सळसळ येते, ती थांबली की कान टवकारतात. ट्रॅक्टरच्या आवाजात ते जमायचं नाही, तेव्हा तू दर तासाच्या शेवटी उतरून बी पडतंय का ते बघत जा.

सगळ्यात जास्त हयगय होते ती कोळपणीत. तण नाही, मग कशाला कोळपायचं, असं गडी म्हणतील. ऐकू नकोस. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्यात, तिसरी आठव्यात, आणि तिसरी दातेरी कोळप्यानं. काळी जमीन थंडीत भेगाळते आणि खालची ओल त्या भेगांतून उडून जाते. भेगा बुजल्या की पिकाला अर्धं पाणी दिल्यासारखं होतं. या भेगा किती खोल असतात सांगू? बाटूक कापताना माझा विळा एकीत पडला. काठी घातली, मग हात खांद्यापर्यंत घातला, विळा काही लागला नाही. त्या साली तिसरी कोळपणी राहिली होती.

बियाण्याची कणसं खळ्यावर निवडायची नाहीत. उभ्या पिकात फिरून, रानाच्या मधल्या भागातली, चांगली भरलेली ताटं हेरायची आणि त्यांना सुतळी बांधायची. हुरड्याची गूळभेंडी त्यांच्यापासून लांब पेर, नाहीतर परागात मिसळ होते.

वाड्यामागचं पेव बुजवलं नाही, हे मला माहीत आहे. पाहुण्यांना दाखवायला उघडशील, म्हणून सांगते. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते आणि मिलो खात होते, तेव्हा त्या पेवातली जुनी ज्वारी आपल्याला काही महिने पुरली. ती काढताना वडिलांनी तोंडावरची फरशी सकाळी सरकवली आणि संध्याकाळपर्यंत कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग दोरीनं पेटता कंदील सोडला. तो अर्ध्यावर गेला आणि विझला. त्या दिवशी कोणी उतरलं नाही. कोंडलेलं धान्यही श्वास घेतं, आत कर्बवायू साठतो, त्याला ना वास ना रंग. अशा पेवात उतरलेला माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, दोघंही गेल्याच्या गोष्टी आमच्या लहानपणी गावोगाव होत्या. हल्ली पोरं मोबाईलची बॅटरी लावून वाकतात. बॅटरी विझत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा नाही.

आता कागदाचं. हद्दीचे दगड उन्हाळ्यात, रान मोकळं असताना बघून ठेव. ट्रॅक्टरवाला दरवर्षी बांध वीतभर कोरतो, आणि दहा वर्षांनी तेच तास शेजाऱ्याच्या वहिवाटीचं होतं. भांडायला जाण्यापेक्षा सरकारी मोजणी माग. ई-पीक पाहणीत पेरा वेळेत नोंदव.

आणि तुझ्या बहिणीचं. माझ्याकडून हक्कसोड घेतलं तेव्हा १९९४ चा कायदाही आला नव्हता, २००५ ची दुरुस्ती तर फार पुढची. मी सही केली, त्याचं मला आज काही नाही. पण तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, हे लक्षात आहे. आता तिचा हिस्सा तुझ्याइतकाच आहे. राखीला आली असताना चहाबरोबर कागद पुढे करू नकोस. सरळ विचार. तिला हवा असेल तर तिची पट्टी कुठली ते दोघं मिळून ठरवा, विहिरीच्या पाण्याची पाळीही त्याच दिवशी लिहून काढा.

तू काही गावी राहायला येणार नाहीस, वाटेकरी बघशील. निम्म्यानं देताना लोक ज्वारीच्या पोत्यांचं बोलतात आणि कडब्याचं विसरतात. भांडणं मात्र कडब्यावरूनच होतात, कारण टंचाईच्या साली पेंढीला ज्वारीपेक्षा जास्त मान असतो. बी कुणाचं, कोळपणीची मजुरी कुणाची, पेंढ्या कशा वाटायच्या, हे पोळ्याच्या आत दोन माणसांसमोर बोलून घे.