मोठें चाक आणि चारी चाकांची गाडी

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशीं सकाळीं आमच्या फाटकाशीं एक गाडी उभी होती व तिच्याभोंवतीं नववी-दहावीचे विद्यार्थी गुळाच्या ढेपेभोंवतीं मुंगळे जमावे तसे जमले होते. गाडी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याची. हा मुलगा गणितांत फार हुशार होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण प्रश्न विचारण्याची त्याला खोड होती, आणि ही खोड शिक्षकास पाठ केलेल्या उत्तरांपेक्षां अधिक प्रिय असते. त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते. त्यांनीं आम्हांस बाजूस नेऊन म्हटलें, "सर, यानं कापसाच्या पैशातून हे मोठे चाकं बसवले. आखाडात याच्या मायवर काय वेळ आली, ते तुम्हाले ठाऊकच आहे. दोष चाकाचा का पोराचा, येवढं सांगा."

ह्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. म्हणून त्या दिवशींचा पदार्थविज्ञानाचा तास आम्हीं गाडीपाशींच घेतला. अलीकडे बऱ्याच घरांत मुलें असा हट्ट धरूं लागलीं आहेत. तेव्हां तो पाठ येथें पालकांसाठींही लिहीत आहों.

चाक मोठें असावें हा विचार कांहीं आजचा नव्हे. आमचें खामगांव एके काळीं वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ होतें. १८७० सालीं जलंबपासून आगगाडीचा फांटा येथपर्यंत आला; तत्पूर्वीं आणि नंतरही खेड्यांतला कापूस पेठेंत आणला तो बंड्यांनींच. त्या बंडीचें लांकडी चाक माणसाच्या छातीला लागेल एवढें असे. तें हौसेखातर नव्हे. काळ्या मातीच्या चाकोरींत लहान चाक खड्ड्यांत उतरतें, मोठें चाक त्याच्या दोन्ही कांठांवर टेकून पुढें जातें. शिवाय आंस जमिनीपासून उंच राहतो व चिखलांत घासत नाहीं. परंतु विद्यार्थ्यांनो, पुढची गोष्टही ध्यानांत घ्या. त्यानंतर रबरी धावेची बंडी आली. तिचीं चाकें लांकडी चाकांहून पुष्कळ लहान, तरी बैलांना ती हलकी जाते. कारण हवा भरलेलें रबर भार पसरून घेतें, आणि आंसाच्या टोंकांशीं पोलादी गोळ्यांवर फिरणारें बेअरिंग असतें. म्हणजे आकार हा चाकाचा एकच गुण नव्हे, आणि तो वाढविला म्हणजे बाकीचे गुण आपोआप वाढतात असेंही नव्हे.

बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणारा लोहार आधीं चाकाचा घेर मोजतो, धाव किंचित् कमी घेराची करतो, ती तापवून फुगवितो व चढवून पाणी ओततो. त्याचें सारें कौशल्य त्या मापांत असतें. आमच्या विद्यार्थ्यानें मात्र माप न घेतां चाकें घेतलीं. दुकानदारानें दाखविलीं, दिसावयास रुबाबदार होतीं, म्हणून घेतलीं.

आतां माप कसें वाचावें तें पाहूं. मूळ टायरावर २४५/७५ आर १६ असे आंकडे होते. पहिला आंकडा टायराची रुंदी, मिलिमीटरांत. दुसरा म्हणजे टायराच्या बाजूची उंची, रुंदीच्या शेंकडा किती हें सांगणारा. तिसरा म्हणजे आंतल्या रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडा आणि इंच अशीं तीन मापें एकत्र नांदतात. परीक्षेंत कोणी असें लिहिलें असतें तर आम्हीं गुण कापले असते! असो. २४५ चे शेंकडा ७५ म्हणजे १८३.७५, ही उंची वर एकदां व खालीं एकदां, म्हणून ३६७.५, त्यांत १६ इंचांचे ४०६.४ मिळविले कीं एकंदर व्यास सुमारें ७७४ मिलिमीटर. नवा टायर २८५/७० आर १७ होता. हीच रीत लाविली म्हणजे त्याचा व्यास सुमारें ८३१ मिलिमीटर येतो. वाढ शेंकडा सात टक्क्यांहून थोडी अधिक.

नाशिकच्या कारखान्यांत होणारी महिंद्र कंपनीची २०२० ची थार गाडी ह्या बाबतींत पाहण्यासारखी आहे. तिच्या निरनिराळ्या प्रकारांना कारखान्यानेंच दोन मापांचे टायर दिले: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. रिम दोन इंचांनीं मोठी, पण व्यास काढून पाहा: ७७४ आणि ७८९. फरक दोन टक्क्यांच्या आंत. रिम वाढविली तेव्हां टायराची बाजू तितकी बुटकी केली. रिम मोठी करणें आणि चाक मोठें करणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावें.

ह्या सात टक्क्यांनीं काय साधलें? गाडीचा आंस जमिनीपासून वर गेला तो व्यासवाढीच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें २८ मिलिमीटर. दोन बोटांची रुंदीही धड नाहीं. शेतरस्त्याच्या दगडावर एवढेंही कधीं उपयोगी पडतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याची किंमत पाहा. वेग दाखविणारा कांटा चाकाचे फेरे मोजतो. चाक केवढें आहे हें त्याला कळत नाहीं. कांटा मूळ चाकांवर बिनचूक होता असें धरलें, तर तो ताशीं ८० किलोमीटर दाखवी तेव्हां गाडी जवळ जवळ ८६ नें धांवत होती. (कारखानदार कांटा मुद्दाम किंचित् पुढें ठेवतात, त्यामुळें हा फरक कांहीं अंशीं झांकला जातो.) वेगवान् वस्तूच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून कांट्यावरील त्याच आंकड्याला ब्रेकनीं जिरवावयाची शक्ति सुमारें पंधरा टक्क्यांनीं वाढली. इकडे ब्रेकची चकती मूळचीच. तिचा आवर आतां लांब त्रिज्येच्या टोंकाशीं पोंचतो, म्हणून रस्त्यावर तो सात टक्क्यांनीं तोकडा पडतो. दोहोंचा हिशेब एकत्र करा: पायाचा जोर तोच ठेवला तर गाडी थांबण्यास सुमारें चोवीस टक्के अधिक अंतर लागेल. हा आंकडा फळ्यावर आला तेव्हां मुलाचे वडील नुसतेच फळ्याकडे पाहत राहिले. खामगांवाहून बुलढाण्यास जातांना बोथ्याच्या जंगलांतील वळणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ह्या चोवीस टक्क्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

ओढण्याच्या शक्तीचेंही तेंच. एंजिनाची पिळण्याची शक्ति तीच, त्रिज्या वाढली, म्हणून जमिनीला लागणारा रेटा सुमारें सात टक्क्यांनीं घटला. चिखलांतून जोरानें जावें म्हणून चाक घेतलें, आणि चिखलांतला जोर कमी झाला!

येथवरचा विचार कोणत्याही मोटारीला लागू आहे. पण ही गाडी चारी चाकांना जोर पुरविणारी, जीपच्या कुळांतली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं झालेली विलिस जीप तिची आजी. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत तिचे भाग जोडून गाड्या होऊं लागल्या आणि पुढें खेडोपाडीं पसरल्या. ह्या कुळाचा एक नियम समजून घेतला पाहिजे. कवाईत करतांना मुलांची रांग वळते तेव्हां आंतल्या टोंकाचा मुलगा जवळ जवळ उभा असतो आणि बाहेरच्या टोंकाचा धांवत असतो. चाकांचेंही तसेंच. एकाच आंसावरील डाव्या-उजव्या चाकांना निरनिराळे फेरे घेतां यावे म्हणून मध्यें दांतेरी चाकांची एक योजना असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. पण अशा साध्या गाडींत पुढचा आंस व मागचा आंस ह्यांच्यामध्यें मात्र ती नसते. तरफ ओढून चारी चाकें जोडलीं कीं दोन्ही आंस जणूं एकमेकांस बांधले जातात. दोहोंनीं सारखेच फेरे घेतले पाहिजेत. चिखलांत कोठें तरी एखादें चाक थोडें घसरतें व तंटा मिटतो. डांबरी रस्त्यावर घसरण्यास जागा नाहीं. मग तो ताण दांड्यांत आणि दांत्यांत सांठत जातो. ज्या गाड्यांत चारी चाकें सदैव जोडलेलीं असतात, त्यांत मध्यें डिफरन्शियल किंवा क्लच असतो; पण चाकें असमान असतील तर तोही सरळ रस्त्यावर विसांवा न मिळतां तापत राहतो.

आतां आषाढांतली ती रात्र. मुलाच्या आईला पोटांत असह्य कळा येऊं लागल्या म्हणून तो तिला अकोल्यास नेण्यास निघाला. शेतावरून सडकेपर्यंत गुडघाभर चिखल. त्यानें चारी चाकें जोडलीं व गाडी निघाली, हें त्या गाडीचें खरें काम होतें आणि तें तिनें चोख केलें. वाटेंतच मागचें एक चाक पंक्चर झालें. नवीं चाकें त्यानें चारच घेतलीं होतीं. पांचवें, मागें टांगलेलें, जुन्याच मापाचें. तें लावलें. घाईंत तरफ तशीच राहिली, आणि गाडी डांबरी सडकेवर आली.

हिशेब असा. मूळ चाक एका किलोमीटरांत सुमारें ४११ फेरे घेतें, नवें ३८३. मागच्या आंसावर एक नवें व एक जुनें, त्यांची सरासरी ३९७. पुढच्या आंसाची ३८३. म्हणजे दर किलोमीटरास चौदा फेऱ्यांचा तंटा, आणि तो मिटविण्यास चिखल नाहीं. गाडी कण्हूं लागली, सुकाणूं जड झालें. कांहीं किलोमीटरांनीं त्यानें तरफ सोडविण्याचा प्रयत्न केला, तर ताणामुळें ती जागची हलेना. शेवटीं भर पावसांत मालवाहू टेंपो थांबवून त्यानें आईला त्यांत निजविलें व अकोला गांठलें. शस्त्रक्रिया वेळेंत झाली. डॉक्टरांनीं 'आणखी उशीर नको होता' एवढेंच म्हटल्याचें तो सांगतो.

अशा वेळीं काय करावें, तेंही त्या तासाला मुलांनीं विचारलें. डांबर लागतांच तरफ दोन चाकांवर आणावी. अडकली असेल तर सुकाणूं सरळ धरून गाडी कांहीं हात हळूच मागें घ्यावी, किंवा रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातींत घालावी; ताण सुटला कीं तरफ सुटते. असमान चाक लावणें भागच पडलें तर तें जोर न पोंचणाऱ्या पुढच्या आंसावर घ्यावें, आणि जपून, थोड्याच अंतरापुरतें चालवावें. खरा उपाय म्हणजे पांचही चाकें एका मापाचीं ठेवणें. एकाच मापाचे टायर असून दोन झिजलेले व दोन कोरे असले तरी हाच दोष लहान प्रमाणांत येतो, म्हणून ते फिरवून सारखे झिजवावे.

कायद्याचाही विचार हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरबदलांस मनाई करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच कडक अर्थ लाविला. पैसे मोजण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे विचारावें. मागाहून विचारणें महाग पडतें.

तासाच्या शेवटीं मुलांनीं खडूनें टायरावर व फरशीवर खूण केली आणि गाडी ढकलून एक फेरा मोजला. हिशेबानें २६१ सेंटिमीटर यावयाचे, आले २५३ च्या आसपास. जुनें मोकळें चाक हातानें लोटलें तेव्हां मात्र तें हिशेबाच्या २४३ शीं जवळ जवळ जुळलें. हा फरक कां, असें आम्हीं विचारलें. मागच्या रांगेंतील एक मुलगी म्हणाली, "सर, गाडीच्या ओझ्यानं टायर खाली दबतो." बरोबर, भाराखालीं त्रिज्या घटते. गणितास ती बेताचीच. ह्या तासाला मात्र पहिली आली.

वडिलांना आम्हीं सांगितलें कीं दोष चाकाचा नाहीं, आणि मुलाचाही सगळा नाहीं; माप घेण्याचें राहून गेलें. त्यांनीं मान हलविली, पण त्यांचें समाधान झालें असें दिसलें नाहीं. मुलानें नाताळापूर्वीं जुनीं चाकें परत चढविलीं. नवीं चारही अद्याप त्यांच्या गोठ्यांत ताडपत्रीखालीं पडून आहेत. निम्म्या किंमतीसही गिऱ्हाईक मिळालें नाहीं.