चार अक्षरांवरून झालेली बदली

बोलका माणूस म्हणजे चांगला विक्री प्रतिनिधी, ही समजूत आमच्या बियाण्यांच्या धंद्यात फार जुनी आहे. पूर्वी ती निदान समजूत म्हणून तरी बोलली जायची. आता तिला चाचणीचा कागद जोडला जातो आणि त्या कागदावरून माणसं हलवली जातात. माझ्याकडून देवगाव फाटा, सेलू आणि जिंतूरचा भाग असाच काढून घेतला आणि ऐन खरिपाच्या तोंडावर मला गोदामाच्या हिशेबाला बसवलं. कारण एकच. प्रशिक्षणात भरून घेतलेल्या प्रश्नावलीत माझ्या नावापुढे चार इंग्रजी अक्षरं आली आणि त्यातलं पहिलं होतं 'आय', म्हणजे अंतर्मुख.

मी कमी बोलतो, हे खरं आहे. फाट्यावरच्या कृषी सेवा केंद्रात तासभर बैठक जमवणं हा माझा स्वभाव नाही. पण २०२० चा खरीप ज्यांनी पाहिला, त्यांना या कामात काय लागतं ते विचारा. त्या वर्षी मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. प्रकरण इतकं वाढलं की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कंपन्यांचे बरेच प्रतिनिधी फोन बंद करून बसले होते. मी बांधावर जात होतो. आधी शेतकऱ्याचं सगळं ऐकायचं, शिव्यांसकट. मग पिशवीचा टॅग, लॉट नंबर, पावती, पेरणीची तारीख, पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला होता का, बी किती खोल पडलं, बीजप्रक्रिया केली का, हे सगळं वहीत लिहायचं. तालुक्याची तक्रार निवारण समिती पंचनाम्याला आली तेव्हा त्या नोंदी शेतकऱ्याच्याही कामी आल्या आणि कंपनीच्याही. "साहेब, तुम्हीच येत जा. बाकीचे नुसते बोलून जातात," असं एका मामांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

ही वही मी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. चाचणीचा अहवाल माझ्याकडे फिरवून ते म्हणाले, "हे मी म्हणत नाही, सायन्स म्हणतंय." त्याआधी भर मीटिंगमध्ये प्रत्येकाची अक्षरं पडद्यावर दाखवून झाली होती. माझं नाव आल्यावर "हे आमचे मौनीबाबा" असं म्हणून हशा पिकवून झाला होता. माझा भाग ज्या सहकाऱ्याला दिला त्याच्याबद्दल माझा राग नाही. तो चांगला मुलगा आहे. त्याच्या कागदावर 'ई', म्हणजे बहिर्मुख, होतं, एवढंच.

खरं काय ते मला फाट्यावर कळलं. संध्याकाळी सेलूच्या गाडीची वाट बघत तो आणि मी हॉटेलात बसलो होतो. सहज म्हणून दोघांनी आपापले अहवाल काढले. तो बहिर्मुख, मी अंतर्मुख, पण 'तुमच्यातल्या क्षमता' या मथळ्याखालचे परिच्छेद जवळजवळ सारखे. तुम्ही विश्वासू आहात, तुम्हाला न्याय महत्त्वाचा वाटतो, तुमची किंमत लोकांना उशिरा कळते. प्रशिक्षणात हेच वाचून मला वाटलं होतं की या लोकांनी मला बरोबर ओळखलं. त्यालाही नेमकं तेच वाटलं होतं! माझे हातपाय गार पडले. याच कागदावर माझा भाग गेला होता.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आमच्या हॉटेलातल्या टेबलावर दुसरं काही घडलं नव्हतं.

आमची चाचणी मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची होती. कार्ल युंगच्या १९२१ च्या ग्रंथावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती बसवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. हेही मी एक वेळ सोडून देतो. पण या चाचणीची मूळ संस्थाच सांगते की ती ऐच्छिक असावी, निकाल गोपनीय राहावा आणि नोकरीच्या निवडीसाठी ती वापरू नये. आमच्याकडे ती सक्तीने भरून घेतली, निकाल पडद्यावर लावला आणि कामही त्यावरूनच वाटलं. सायन्सचं नाव घेणाऱ्याने निदान चाचणीचे नियम तरी वाचायला हवे होते.

मी तशीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली. पहिलं अक्षर बदललं. तसं अनेकांचं बदलतं, कारण बहुतेक माणसं दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात आणि चाचणी त्यांना अलीकडे नाहीतर पलीकडे ढकलते. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, "मूड वेगळा असेल त्या दिवशी." आपण शेतकऱ्याला ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायला सांगतो, सत्तर उगवले तर बी पेरा म्हणतो. त्याच पिशवीतले दाणे आज ऐंशी उगवले आणि पुढच्या आठवड्यात तीस, तर कोणीही आधी तपासणीच्या पद्धतीवर शंका घेईल. माणसाच्या बाबतीत ती शंका घ्यायची कोणाला गरज वाटली नाही.

आणि बोलक्यांनाच विक्री जमते हेही खरं नाही. अॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वाधिक विक्री मधल्या स्वभावाच्या लोकांची निघाली, टोकाच्या बहिर्मुखांची नाही.

आता ज्यांच्या ऑफिसात असं काही चालू आहे त्यांच्यासाठी. अशी चाचणी टाकाऊच असते असं मी म्हणत नाही. गर्दीत आपण का थकतो, तयारीशिवाय बोलायला का नको वाटतं, हे उमगायला तिची मदत होते. पण ती आवड सांगते. कुवत ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे ते ती सांगायची. घराघरांत मात्र तो कागद 'याला काय जमणार' म्हणून वाचला गेला. माझ्या भाच्यावरून घरात झालेली भांडणं मला आठवतात.

आपली ताकद शोधायची तर अहवाल मिटा आणि वर्षभराचं काम काढा. कोणतं काम लोक नेमकं तुमच्याकडेच घेऊन येतात? चिघळलेलं कोणतं प्रकरण तुमच्या हातून मिटलं? अडचणीच्या हंगामात तुमचं काय टिकलं? हे तारीख, गाव आणि परिणामासह लिहून ठेवा. 'मी ऐकून घेतो' असं सांगितलं तर कोणी विचारत नाही. 'अमक्या गावातल्या तक्रारी पंचनाम्यापर्यंत नेल्या' असं सांगितलं तर टाळता येत नाही. आणि अहवाल वाचताना त्यातलं प्रत्येक विशेषण शेजारच्या माणसालाही लागू पडतं का पाहा. पडत असेल तर ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

बदली झालीच तर तोंडी वाद घालू नका. अर्ज द्या. चाचणीचं नाव काय, ती कोणी घेतली, निकाल कोणाकोणाला दाखवला, बदलीचा निकष काय आणि माझ्या कामाच्या नोंदी पाहिल्या का, हे पाच प्रश्न विचारा आणि पोच घ्या. मी असा अर्ज दिला होता. कंपनी सोडेपर्यंत उत्तर आलं नाही. आता मी शेतकरी उत्पादक कंपनीत आहे, पुन्हा याच भागात फिरतो. जुन्या ठिकाणचे सहकारी फाट्यावर भेटतात. ते सांगतात, मीटिंगमध्ये अक्षरं वाचून दाखवणं त्या अर्जानंतर बंद झालं.