टाच दुखते, चप्पल कोणती घेऊ?

प्रश्न : माझं वय ४८. हमरापूरच्या गणपती कारखान्यात दिवसभर उभ्यानं रंगकाम करते. सकाळी पहिली पावलं टाकताना टाच ठणकते, थोडं चाललं की बरं वाटतं. कोणती चप्पल घ्यावी?
– एक वाचक, धरमतर

उत्तर : ताई, हा बहुधा प्लांटर फॅसायटिस असावा. टाचेपासून बोटांपर्यंतचा जाड पट्टा रात्री आखडतो आणि पहिल्या पावलाला ताणला जातो. त्यामुळे सपाट, पातळ स्लिपर टाळा; कारखान्यात किंवा घरात अनवाणीही उभं राहू नका.

पेणच्या बाजारात संध्याकाळी जा. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पावलं मोजून मोठ्या पावलाचं माप घ्या. टाच २-३ सेंटीमीटर उंच, कमानीला आधार आणि मागे पट्टा हवा. चप्पल बोटांपाशी वाकावी, मधोमध नव्हे.

सकाळी अंथरुणातच टॉवेलनं पाऊल स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरा, असं तीनदा करा. आराम पडायला काही आठवडे लागतात, धीर सोडू नका.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून मऊ एमसीआर रबराची चप्पल घ्या आणि रोज तळवे तपासा. बधिरपणा, सूज किंवा रात्रीही ठणका असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.