माशीला भूल देताना

जेनेटिक्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला हमखास घडणारा प्रकार. बाटलीत फळमाश्या, कापसाच्या बोळ्यावर इथरचे चार थेंब, आणि ‘अजून एक हलतेय’ म्हणून वर आणखी दोन. पांढऱ्या कागदावर ओतल्या तर बहुतेकींचे पंख अंगापासून काटकोनात ताठ उभे! अशी माशी निजलेली नसते, मेलेली असते. म्हणून जाणकार थोड्या कमी भुलीवरच बाटली रिकामी करतात. मध्येच जागी झालेल्या माशीला पुन्हा भूल देता येते, मेलेलीला उठवता येत नाही.

कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, त्या जमान्यात इथरचीच चलती होती. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत पोचणारी. उघडून वर्षभर कपाटात पडलेली बाटली त्याहून वाईट, कारण हवा लागून तिच्यात स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात.

आता बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात. सच्छिद्र पॅडमधून वायू वर येतो, काही सेकंदांत माश्या आडव्या. मऊ कुंचल्याने नर-माद्या वेगळ्या करायच्या; नराच्या पोटाचे टोक काळे, गोलसर, पुढच्या पायांवर इवलासा काळा कंगवा. काम इतके सोपे, की गफलत होते ती इथेच: फोन येतो आणि माश्या पॅडवरच राहतात.

जाग आली म्हणजे माशी पूर्ववत झाली, असे नव्हे. सीमोर बेन्झर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दिकी यांनी १९७६ मध्ये तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर शोधनिबंध लिहिला. अशी माशी पॅडवरून उचलून लगेच तपासली, तर ती जनुकामुळे लडखडतेय की वायूमुळे, हे कसे ठरवणार? वर्तनाच्या प्रयोगाआधी निदान एक दिवस जाऊ द्यावा.

थंडीनेच भूल देणारी बर्फावरची पेट्री डिश वायूचा प्रश्नच मिटवते. मात्र काचेवर दव धरते आणि ओले पंख चिकटतात. मध्ये टिपकागद हवाच.

आणि एवढे सगळे सांभाळून बेशुद्ध माश्या उभ्या व्हायलमध्ये टाकू नका, ओलसर खाद्याला चिकटून मरतात. व्हायल आडवी ठेवा, सगळ्या चालू लागल्या की मग उभी करा.