ओव्हर देताना

राजोडी

चि. सोनू,

वहिनी परवा सांगत होती, नव्या हॉस्पिटलात तू गप्प गप्प असतेस. सकाळी ड्युटी संपवून पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, म्हणजे ओव्हर देताना, आवाज बसतो, डॉक्टरांना फोन लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. बरोबरच्या मुली फाडफाड इंग्रजी बोलतात, म्हणून विरारला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचं तुझ्या मनात आहे. क्लास जरूर लाव, इंग्रजी आलेलं बरंच. पण तुझी अडचण इंग्रजीची आहे असं मला वाटत नाही. सगळी नोकरी मी वॉर्डात काढली. फर्डं इंग्रजी बोलूनही नेमकी गोष्ट न पोचवणाऱ्या सिस्टर तिथे होत्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत चार वाक्यं बोलून डॉक्टरांना झोपेतून उठवून आणणाऱ्याही होत्या. पेशंटच्या उपयोगी या दुसऱ्या पडायच्या.

आधी बोलीची लाज सोड. राजोडीहून नंदाखाल, आगाशी, अर्नाळ्यापर्यंत गेलं तर वाडी बदलली की बोली बदलते. कुठे सामवेदी, कुठे वाडवळी, कुठे कोळ्यांची. आपली पोरं बाहेर शिकायला गेली की त्यांच्या हेलाला कुणीतरी हसतं आणि ती तोंड मिटून घेतात. पुढे नोकरीतही तोंड मिटलेलंच राहतं. आपल्या शेजारच्या नंदाखालचे फादर दिब्रिटो आठव. ‘सुवार्ता’चं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं केलं, हरित वसईसाठी लोकांपुढे उभे राहून बोलले आणि 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तुझ्याबरोबरच्या केरळच्या मुलींच्या इंग्रजीलाही त्यांच्या गावचा हेल आहेच, त्यांचं काही अडतं का? तुझाही हेल राहू दे. वाक्याचा शेवट मात्र गिळू नकोस. आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं. ‘इंजेक्शन दिलं नाही’ यातला शेवटचा शब्द ओठात राहिला, तर घेणारीच्या कानावर ‘इंजेक्शन दिलं’ एवढंच पडतं आणि पेशंटचा डोस चुकतो.

आता रात्रीच्या फोनचं. नवीन मुली बहुतेक असा फोन करतात: ‘सर, सॉरी हां, त्रास देते, ते बेड 12चे काका आहेत ना, त्यांना जरा बरं वाटत नाहीये, बीपी पण थोडं कमी वाटतंय...’ पलीकडचा डॉक्टर दोन रात्री जागलेला असतो. ‘बरं, वॉच ठेवा’ म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याला तरी काय दोष द्यायचा? यावं असं त्याला कुणी सांगितलंच नाही. हाच फोन असा कर:

‘सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड 12चं बीपी 80/50 झालंय. काल दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी बीपी 120/80 होतं. आता पल्स 124 आहे, हातपाय गार आहेत, दोन तासांत युरिन फक्त 20 एमएल. आत ब्लीडिंग होत असावं असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं. येईपर्यंत काय सुरू करू?’

बोलायला अर्धं मिनिट लागतं. आत्ता काय झालंय, मागचं काय, तुला काय वाटतं आणि तुला काय हवंय, हा क्रम. तुमच्या ट्रेनिंगमध्ये याला एसबार म्हणतात. मुळात ही रीत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून ती हॉस्पिटलांत आली. मुली पहिल्या दोन गोष्टी सांगतात आणि थांबतात. ‘मला असं वाटतं’ म्हणायला जीभ उचलत नाही, कारण निदान करणं डॉक्टरांचं काम असं मनात बसलेलं असतं. अगं, रात्रभर त्या माणसाच्या उशाशी तू आहेस. तुला काय वाटतं ते डॉक्टरांना हवंच असतं. फोन उचलण्याआधी केसपेपर समोर घे, आकडे हातावर का होईना लिहून घे. धीर त्यानेच येतो.

फोनवर मिळालेली ऑर्डर आधी लिही, मग वाचून दाखव. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ असा घोळ रोज होतो, म्हणून ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असं सुटं म्हण. मराठीत 49 आणि 59चीही तीच गत. असं वाचून दाखवल्याचा कुणाला राग येत नाही, आला तरी चालेल. तुझे काका स्टेशन मास्तर होते. फाटकवाल्याने फोनवर नुसतं ‘हो, बंद केलं’ म्हटलेलं रेल्वेत चालत नाही. तो खुणेचा आकडा, म्हणजे प्रायव्हेट नंबर, देतो, मास्तर तो लिहून घेतात, तेव्हाच ते बोलणं पक्कं धरतात.

वरिष्ठांपुढे शंका काढायची तर ती दोनदा काढ. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, 583 माणसं गेली. धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? अनुभवी कॅप्टनने ठामपणे ‘झालं’ म्हटलं आणि इंजिनिअर गप्प बसला. डोस जास्त वाटला तर ‘सर, एकदा बघता का’ म्हण. उडवून लावलं तर स्पष्ट सांग, ‘सर, हा डोस मला सेफ वाटत नाही, मी इन्चार्ज सिस्टरना विचारते.’ आवाज चढवायचा नाही आणि मागेही सरायचं नाही. अहोजाहो पाळूनच हे सगळं बोलता येतं.

वॉर्डातले मामा-मावशी आणि पेशंटचे नातेवाईक यांच्याशी बोलणं हेही तुझ्या कामातलंच बोलणं आहे. जव्हार-मोखाड्याकडून आलेली माणसं मोठ्या हॉस्पिटलात बुजलेली असतात, तू काहीही सांगितलंस तरी ‘हो’ म्हणतात. ‘समजलं का?’ विचारून उपयोग नाही. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी देणार, मला सांगा बरं,’ असं विचार. ती सांगू लागली की काय पोचलं आणि काय नाही ते तिथल्या तिथे कळतं. घड्याळाच्या वेळा सांगण्यापेक्षा जेवणाआधी, जेवणानंतर असं सांग. सुट्टी देताना चार मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत. पेशंट परत आणायचा म्हणजे त्यांचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते.

येत्या ऑफला घरी येशील तेव्हा वही घेऊन माझ्याकडे ये. मी डॉक्टर बनते, तू मला फोन कर. आधी मराठीत, मग हिंदीत, आणि क्लास सुरू झाला की इंग्रजीत. तोवर रोज ओव्हर देताना एका पेशंटची तरी माहिती या क्रमाने सांग आणि घेणारीकडून ती परत वदवून घे.

तुझी,
आत्या