गाडी तापते म्हणून लगेच इंजिन खोलू नकोस

बायो, मेकॅनिकने "इंजिन खोलावं लागेल" म्हटलं आणि तू रात्रभर जागीच, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. आधी शांत हो. नागावच्या पुळणीवर दिवसभर गिऱ्हाईक घेऊन फिरणारी एटीव्ही तापली, तर दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसतो, बाहेर असतो. म्हणून स्वस्तातलं आधी तपासायचं.

मला एवढंच सांग, गाडी कधी तापते? हळू चालताना तापते आणि जरा पळवली की निवते, तर संशय पंख्यावर घे. तुझ्याकडची माणसं नवखी, ती गाडी चालीच्या वेगाने नेणार. समोरून वारा मिळतच नाही, सगळी भिस्त पंख्यावर. त्याला १२ व्होल्टच्या बॅटरीवरून थेट वायर देऊन बघ. फिरला, तर फ्यूज, रिले किंवा सेन्सर बघायचा. आणि एक गंमत वाटेल अशी गोष्ट, पण खरी आहे: दुरुस्तीत वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो. बहुतेक गाड्यांत तो वारा आत ओढतो. पुढच्या जाळीला कागद लाव. चिकटला तर ठीक.

पळतानाही तापत असेल, तर रेडिएटर. तू जाळी रोज धुतेस, म्हणून समोरून तो लख्ख दिसतो. पण टॉर्च घेऊन रेडिएटर आणि पंखा यांच्या मधल्या फटीत बघ. वाळूमिश्रित चिखल तिथे वाळून घट्ट बसलेला असतो. पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या नळीने, हलक्या दाबाने धू. प्रेशर वॉशर कुणालाही मारू देऊ नकोस. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकल्या की वाऱ्याची वाटच बंद. गाडी समुद्राच्या पाण्यातून गेली असेल, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची. खारं पाणी ॲल्युमिनियम खातं.

मग कूलंट. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, माझी शपथ आहे तुला. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. पूर्ण थंड झाल्यावर उघड. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं; बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि झाकणाने दाब धरला की त्याहूनही बरंच वर. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदल, त्यात काटकसर करू नकोस. कूलंट भरल्यावर गाडीचं तोंड थोडं उंच ठेव, थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू कर आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांब. आत अडकलेली हवा कूलंटला फिरू देत नाही. इतकं करूनही तापली, तर थर्मोस्टॅट किंवा पंप.

मुलांच्या लहान गाड्यांना रेडिएटर नसतो. त्यांच्या इंजिनाच्या पात्या साफ ठेव, ऑइलची पातळी बघ, आणि त्या रांगेत उगाच चालू ठेवू नकोस.

लाल दिवा लागला की फेरी तिथेच संपवायची. शनिवारची रांग असो, गिऱ्हाईक चिडो, पैसे परत दे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, सावलीत बंद करून ठेवायचं. "ही एक फेरी होऊ दे" म्हणून रेटलेल्या गाडीचंच हेड वाकतं, आणि त्या खर्चापुढे एका फेरीचे पैसे काय गं?

आता मेकॅनिकचं म्हणणं कधी खरं मानायचं? ऑइल दुधाळ झालं, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहतो, तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मग मात्र खोलू दे. फक्त समोर उभी राहा आणि हेड सपाट आहे का, ते पट्टी लावून दाखवायला सांग. वाकड्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं तर तेही टिकणार नाही.